करगा निसवायच्या आधी

भादवा सरत आला की आमच्याकडे धान फुलोऱ्यावर येतं आणि माझ्या वर्गात पेशीच्या मरणाचा पाठ येतो. या दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात याव्यात असा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांचा काही बेत नसणार. पण वर्षानुवर्षं त्या बरोबरच येत राहिल्या आहेत. रविवारी मी गोंदियाहून दरेकसाच्या अलीकडच्या आमच्या गावी जाते आणि कोवळ्या उन्हात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहते. दहाच्या सुमारास धानाची फुलं उघडतात. फूल कसलं, दोन तुसांच्या फटीतून बाहेर लोंबणारे पिवळट धागे. तासा-दोन तासांचा कारभार. तेवढ्यात साऱ्या शिवारात दुधाळ, पिठूळ वास पसरतो आणि मग तुसं पुन्हा मिटतात. सोमवारी मी वर्गात जाते आणि फळ्यावर लिहिते, ‘पेशी का मरते?’ मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास पुटपुटतं, "काऊन मरते?" आणि वर्ग हसतो. हसू देते. मरणाचा पाठ हसत सुरू झालेला बरा.

मग मी मुलींना तळहात समोर धरायला सांगते. ही बोटं कशी झाली? सगळ्या म्हणतात, उगवली. नाही उगवली. आईच्या पोटात असताना तुमचा हात म्हणजे एक चपटं वल्हं होतं. बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशींनी मरून जागा करून दिली, म्हणून बोटं सुटी झाली. कुणी त्यांना मारलं नाही, जखम झाली नाही, सूज आली नाही. निरोप आला तसं त्यांनी अंग आकसून घेतलं, आतलं सामान तोडून बारीक पुड्या बांधल्या आणि त्या पुड्या शेजारच्या पेशींनी गिळून टाकल्या. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी जन्माच्या आधीच थोडी मेली होती?" म्हटलं, हो, आणि म्हणूनच तुला आत्ता पेन धरता येतो. ती बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसली होती.

पुस्तकात याला ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्याला सरकारी कचेरीचा वास येतो. या मरणात मला शहाणपण दिसतं. आपल्या अंगात रोज अगणित पेशी अशा गपचूप मरतात आणि आपण सुखाने जेवतो-झोपतो. कॅन्सरचं खरं दुखणं तिथंच आहे. लोकांना वाटतं, तो बाहेरून आलेला कुणी राक्षस. गावात त्याचं नावही घेत नाहीत, ‘मोठा रोग’ म्हणतात आणि आवाज खाली करतात. मी नाव घेते, मोठ्याने घेते. ती आपलीच पेशी असते. आपल्याच रक्तावर वाढलेली, पण मरायचा निरोप आला तर ऐकेनाशी झालेली. वाढायला कुणी सांगितलं नाही तरी वाढते, शेजारणीला टेकली तरी थांबत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते हेच.

हे सगळं मला पुस्तकाने शिकवलं, नाही म्हणणार नाही. पण त्याला गावचं नाव दिलं ते माझ्या मोठीमायने, आणि त्या नावाने आमची चांगलीच पंचाईत केली.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, तेव्हापासून घरची शेती तिच्या आवाजावर चालत होती. माळव्याहून कधीकाळी आलेल्या पवारांच्या घरातल्या बायका कष्टाळू असतात असं आमच्यात कौतुकाने सांगतात. मोठीमाय नुसती कष्टाळू नव्हती, हट्टी होती, आणि तो हट्टच घरातल्या सगळ्यांना पोसत होता. तिला एकच नाद होता, गुडाखूचा. आमच्या भागातल्या बायकांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते: तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा, डबीत मिळतो. सकाळी उठल्यावर बोटाला घ्यायचा आणि दात-हिरड्यांवर घासत बसायचं. मग दुपारी एकदा, रोवणीच्या चिखलातून वर आल्यावर एकदा, भांडण झालं की एकदा. डोकं हलकं होतं आणि तोंड बधिर होतं.

हे तोंड बधिर होणंच नडलं. दोन हजार तीन की चार सालचा तो पावसाळा. मला गोंदियाच्या कॉलेजात नुकतीच नोकरी लागली होती आणि प्राणिशास्त्र शिकवते म्हणून मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजत होते. सणाला घरी गेले तर मोठीमाय भात एकाच बाजूने चावताना दिसली. म्हटलं, आ कर. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लालसर, खडबडीत गाठ.

"कवापासून हाय हे?"

"काई नाई व ते. दुखत नाई."

"दुखत नाही म्हणून विचारते आहे."

"दुखत नाई त मंग कायचा रोग? आन दुखलं त गुडाखू लावतो, उतरते."

मी काय म्हणते ते पालथ्या घड्यावर पाणी. ज्या गुडाखूने चट्टा आणला, तीच गुडाखू ती त्याच्यावर औषध म्हणून घासत होती, आणि औषध लागूही पडत होतं. शेवटी तिचा मुलगा, माझा खेमूदादा, तिला लग्नाला जाऊ म्हणून फसवून गोंदियाला घेऊन आला. डॉक्टरांनी गाठीचा बारका तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने निकाल आला तेव्हा मोठीमाय, दादा आणि मी, तिघं त्यांच्या समोर बसलो होतो. डॉक्टर शहाणा माणूस. त्यांनी नाव घेतलं आणि मग तिच्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "माँजी, ये बाहर से नहीं आया है. आपके शरीर का ही है. बस, बात मानना बंद कर दिया है."

मोठीमायने मान हलवली.

"म्हंजे करगा," ती म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. करगा म्हणजे धानातलं रानटी धान. गवत नव्हे, धानच, पण बहकलेलं. तसाच हिरवा, तशाच पानांचा, आपल्याच बियाण्यातून आपल्याच बांधीत, आपल्याच खाचरात येतो. खत आपलं खातो, पाणी आपलं पितो आणि आपल्या धानापेक्षा वितभर उंच होतो. मोठीमायने वर्गात पाऊल न टाकता एका शब्दात जे सांगितलं होतं ते सांगायला मला फळाभर खडू लागला असता. मी खूश होऊन डॉक्टरांना करगा समजावून सांगितला. तेही खूश झाले. त्यांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, त्या तुकड्याचे पातळ काप लावलेल्या तपासणीच्या काचा कागदात गुंडाळून दिल्या आणि सांगितलं, उशीर करू नका, ऑपरेशन करून घ्या. आम्ही बाहेर पडलो. खेमूदादा रडायच्या बेतात होता आणि मोठीमाय मात्र निश्चिंत दिसत होती.

तिच्या निश्चिंतीचं कारण मला पुढच्या रविवारी गावी गेल्यावर कळलं. नागपूरला जायची तयारी काहीच नव्हती. काचा लुगड्यांच्या घडीखाली पेटीत ठेवल्या होत्या आणि मोठीमाय वावरात. मी तडक वावर गाठलं.

"मोठीमाय, तू काऊन नाही गेलीस?"

"जाईन ना. निसवू दे."

"काय निसवू दे?"

तिने माझ्याकडे, शिकून वाया गेलेल्या पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. मग बांधीकडे हात केला. धान पोटरीत होतं, लोंब अजून बाहेर पडायची होती. "सांग बरं, याच्यात करगा कोनता हाय?"

मला ओळखता आला नाही. कुणालाच येत नाही. करगा आणि धान निसवेपर्यंत, म्हणजे लोंब बाहेर पडेपर्यंत, सारखेच दिसतात. लोंब बाहेर आली की मग करग्याच्या दाण्याला लांब कुसळ दिसतं, तो उंच होतो, आणि मग तो धरून उपटायचा. आधी उपटायला गेलं तर आपलंच धान उपटून टाकतो माणूस. ही चूक नव्या सुना करतात आणि सासवा त्यांना जन्मभर ऐकवतात.

"डाक्टर म्हन्ते, गाल कापतो," मोठीमाय म्हणाली. "बाजूचा चांगलाबी कापतो म्हन्ते. आपला धान कायले उपटू देऊ? निसवला की दिसन. मंग थोच तेवढा काढून घेईन. तवरिक कापनीबी होऊन जाते."

तिने जे नाव दिलं, मी ज्याचं कौतुक केलं, ते नाव आता तिचा जीव घ्यायला निघालं होतं. आणि बोलणं चूक म्हणावं तर चूक कुठे होती? सारं आयुष्य तिने ज्या नियमाने शेत राखलं तोच नियम ती आपल्या गालाला लावत होती. शहरातली कुणी बाई भीतीने दवाखाना टाळते, कुणी देवावर हवाला टाकते. आमची मोठीमाय चांगल्या शेतकऱ्याच्या हिशोबाने थांबली होती. गाठ महिन्याभरात किती वाढेल, मानेपर्यंत कधी जाईल, हे मला पुस्तकातून माहीत होतं. कापणी दिवाळीपर्यंत चालली असती.

मी भांडले. म्हटलं, निसवला की करगा करतो काय? आपलं धान पिकायच्या आधी त्याचा दाणा झडतो. तू एक उपटशील आणि शंभर जागी पडलेला असेल. तुझ्या गालातून मानेत, मानेतून छातीत. ती म्हणाली, "म्हून त डोरा ठेवा लागते. निसवायच्या आन झडायच्या मंधात." डोळा ठेवायला तिने आरसा आणला होता. रोज सकाळी आरशात पाहत होती. आता सांगा, अशा बाईशी कोण जिंकणार?

मग मला तिचं माहेर आठवलं. डोंगरगडकडचं, छत्तीसगडातलं. तिकडे करग्याने भरलेल्या वावरात जांभळ्या पानाचं धान पेरतात. सारी बांधी जांभळी होते आणि करगा तेवढा हिरवा उठून दिसतो. लोंबीची वाट पाहावी लागत नाही, पहिल्या निंदणीतच ओळखून काढतात. मी म्हटलं, "मोठीमाय, तुझ्या माहेरी जांभळा धान कायले पेरतात?"

"करगा दिसाले."

"डॉक्टरांनी तेच केलं. तुझा तुकडा रंगवला. रंग लागला की निसवायच्या आधीच कोण कोणता ते दिसतं. पेटीत ठेवलेल्या त्या काचांत ते सारं आहे."

तिने हातातलं गवत धुऱ्यावर टाकलं. "तू पाह्यला का?"

मी पाहिला नव्हता. खोटं बोलता आलं असतं, पण तिच्यापुढे कधी जमलं नाही.

"मंग मले दाखव."

सोमवारी सकाळच्या गाडीने ती आणि खेमूदादा गोंदियाला आले. काचा तिने पदराच्या गाठीत बांधल्या होत्या, पिशवीवर तिचा विश्वास नव्हता. प्रयोगशाळा रिकामी होती. फॉर्मॅलिनच्या वासाने तिने नाक मुरडलं, बरणीतल्या बेडकाकडे पाहून "बिचारा" म्हणाली आणि स्टुलावर बसली. मी आधी स्वतः पाहिलं. विद्यार्थ्यांना दाखवायच्या काचेत कुणाचा तरी गाल, कुणाचं तरी हृदय असतं, त्याला माणूस नसतो. या काचेला मोठीमाय होती.

पहिल्यांदा चांगला भाग लावला. गालाच्या आतली कातडी थरांची असते. तळाच्या ओळीत पेशी जन्मतात, वर वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि थुंकीबरोबर गळून जातात. खाली जांभळे गोल ठिपके ओळीने, वर गुलाबी चपटे थर. "हा तुझा धान," मी म्हटलं. तिने एक डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा लावला. बराच वेळ पाहिलं. मग मी काच सरकवली. इथं ओळ उरली नव्हती. जांभळे ठिपके मोठे, वेडेवाकडे, एकावर एक चढलेले. वर जाऊन मरायचं सोडून ते खाली उतरले होते, तळाची रेघ फोडून आतल्या मांसात घुसले होते.

खरं सांगायचं तर तिला काय दिसलं ते मला आजही नक्की माहीत नाही. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्याला बहुतेक स्वतःच्या पापण्या दिसतात. माझी मुलं पापण्यांचीच आकृती काढून आणतात. पण मोठीमायने चाळीसेक वर्षं धानात नजर घालून काढली होती. काही वेळाने तिने विचारलं, "ही रेघ म्हंजे धुरा का?"

"हो."

"धुऱ्याच्या पल्याड गेला हा."

"हो, मोठीमाय."

तिने डोळा काढला. पदराने पुसला. मग पुन्हा एकदा लावून पाहिलं, जसं बाजारात वजन दोनदा करून घेतात तसं.

"हा त निसवला व," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. दारात उभ्या खेमूदादाकडे वळून म्हणाली, "कापनी तू पाह्य. मजूर आत्ताच सांगून ठेव, मंग भेटत नाई." आणि मला म्हणाली, "नागपूरची गाडी कवा हाय?"

त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला होतो. ऑपरेशन झालं. गालाबरोबर जबड्याचा थोडा भाग आणि खबरदारी म्हणून मानेतल्या लसिकागाठी काढल्या, चारही बाजूंनी चांगल्या मांसाची कड घेऊन. मग शेक सुरू झाला. किरणांना दवाखान्यात सगळे शेकच म्हणतात. तो शेक काय करतो ते मी तिला वॉर्डात सांगत बसे. तो पेशीला जाळत नाही. आतला मूळ धागा, डीएनए, इतका तोडतो की ऐकायचं सोडून दिलेल्या पेशीलाही शेवटी मरायची आठवण येते. चांगल्या पेशी तुटलेलं सांधून घेतात, या घेऊ शकत नाहीत. "शानी होऊन मरते म्हन," ती ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. तोंड पुरतं उघडत नव्हतं. पेजसुद्धा चमच्याने, थांबत थांबत. थुंकी सुकली होती. सगळ्यात जास्त त्रास तिला गुडाखू सोडल्याचा झाला. पहाटे उठून नुसतं रिकामं बोट हिरडीवर फिरवायची आणि मग मला पाहून हात पदराखाली घ्यायची. मी पाहिलं नाही असं दाखवायचे.

त्या वर्षीचं धान तिच्याशिवाय कापलं गेलं. खेमूदादाने फोन करून सांगितलं की बरं झालंय, आणि ती म्हणाली, माझ्याशिवाय बरं कसं होईल. यावरून आम्हाला कळलं की ती सुधारते आहे.

मी शिकवते तेव्हा विद्यार्थ्यांना ठामपणे सांगते: लवकर ओळखला तर हा रोग बरा होतो. ठामपणे सांगायचा मला हक्क आहे. पण पुढच्या काही वर्षांत ‘परत आला तर?’ या एका प्रश्नापुढे माझा ठामपणा कमी पडायचा. दर आश्विनात मोठीमाय बांध्यांमधून पूर्वीपेक्षा कडक नजरेने फिरायची. एक करगा दिसला तरी मुळासकट उपटून धुऱ्यावर वाळत टाकायची. एकदा हातात असाच उपटलेला करगा धरून ती म्हणाली, "याचा दाना भुईत पडून राहते. साल, दोन साल, चार साल. मंग उगवते." मी म्हटलं, सगळ्यांचा नाही उगवत. "मालूम हाय," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. तेवढंच. तिचा गाल एका बाजूने बसलेला होता आणि त्या बाजूने पाहिलं की ती कायम काहीतरी विचारात आहे असं वाटायचं. मी तेव्हा समजत होते की ते फक्त ऑपरेशनमुळे आहे.

दर वेळच्या तपासणीला मी तिच्याबरोबर जायचे. आधी दर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षाने. पाचेक वर्षं उलटली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी मान, गाल, जीभ सगळं चाचपून पाहिलं आणि म्हणाले, आता काही त्रास झाला तरच या. मोठीमायने विचारलं, "झडला नोता म्हंजे?" डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. "नाही, मोठीमाय," मी म्हटलं, "झडायच्या आधी काढला." तिने मान हलवली, चप्पल घातली आणि बाहेर पडली. ना आनंद, ना देवाला हात जोडणं. मला थोडा रागच आला. इतकी वर्षं जीव टांगणीला लागलेला माझा, आणि हिला काही वाटत नाही.

गोंदियाला गाडी बदलली. आमगावनंतर डबा रिकामा झाला. बाहेर धान फुलोऱ्यावर होतं. मोठीमाय खिडकीशी बसून माझ्या हाताकडे पाहत होती. माझ्या मनगटात तिचं चांदीचं कडं होतं. ऑपरेशनला आत नेताना तिने ते काढून मला दिलं होतं, ‘ठेव तुले’ म्हणाली होती, आणि ती शुद्धीवर आल्यावर मी परत द्यायला गेले तेव्हाही तिने घेतलं नव्हतं. मी ते इतकी वर्षं घातलं. मला ते तिचं प्रेम वाटत होतं.

"थो कडा दे," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही असं वाटून ती पुढे वाकली. "माहा कडा दे वापस. मराचं होतं म्हून देल्ला होता. आता कायले ठेवतं?"

एवढी वर्षं ती मरायची तयारी करून जगत होती, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्या दोन्हींमध्ये कडं मनगटातून निघेना. हात फुगला होता, अडकलं होतं. मोठीमायने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, बोटं दाबून धरली आणि कडं फिरवत फिरवत ओढू लागली. "जाडी होऊन राहिली तू," ती म्हणाली. सालेकसा यायच्या आत ते निघालं, आणि तिने ते आपल्या हातात चढवलं.